वेताळाचा प्रश्न आणि बंगळूरचे शिल्पी

विक्रमाच्या खांद्यावर बसून वेताळ गोष्ट सांगतो आणि नेमक्या पेचाच्या जागी थांबून राजाला प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले व्हायची. आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळायचा. ऐकणाऱ्यालाच गोष्टीत ओढून घ्यावयाचे आणि कथेचे पुढचे पाऊल त्याच्या बुद्धीवर सोपवावयाचे, ही क्लृप्ती आपल्याकडे शतकानुशतके घरोघर ठाऊक आहे. संगणकावरील ज्या खेळांना 'ॲडव्हेंचर गेम' म्हणतात, त्यांचे मर्म याहून फारसे निराळे नाही. 'साहसी खेळ' असे त्यांचे भाषांतर केले, तर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोर, खिळे आणि सह्याद्रीतला एखादा उभा कडा येतो. तेव्हा रूढ नावच राहू दिलेले बरे. धावपळ आणि नेमबाजी यांना या खेळांत दुय्यम स्थान असते. समोर एक बंद दार असते, हाताशी चार किरकोळ वस्तू असतात, कोणीतरी जाता जाता एक अर्धवट वाक्य बोलून गेलेले असते. आणि एवढ्या सामग्रीवर पुढची वाट शोधावयाची असते.

या खेळांचे रसिक एकत्र जमले की जुन्यांतले काय खेळावे आणि नव्यांतले काय, हा वाद निघतोच. बंगळूरसारख्या शहरात तर तो अधिकच रंगतो; कारण तेथे हजारो तरुण असे आहेत की, संगणकावरील खेळ घडविणे हा त्यांच्या पोटापाण्याचा व्यवसाय आहे. परंतु नुसत्या आवडीनिवडीने या वादाचा निकाल लागत नाही. त्यासाठी या प्रकाराचा जन्म कोठे आणि कसा झाला, हे पाहावे लागते.

तो जन्म एका खऱ्याखुऱ्या गुहेत झाला. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची गुहा आहे. तिच्या आजवर मोजल्या गेलेल्या वाटांची लांबी ६८० किलोमीटरांहून अधिक भरते. जवळच्या फ्लिंट रिज गुहांशी ती आतून जोडलेली आहे, हे १९७२ साली सिद्ध झाले. आणि ज्या तुकडीने तो दुवा शोधला, तिच्यात पॅट्रिशिया क्राउदर ही गुहासंशोधक होती. तिचा पती विल क्राउदर हाही त्याच छंदाचा. व्यवसायाने तो संगणकतज्ज्ञ होता आणि आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत त्याचा हात होता. गुहेतील मोजमापे घरी आणावीत, संगणकात भरावीत आणि त्यांवरून नकाशे काढावेत, असा या दांपत्याचा परिपाठ असे. पुढे त्यांचा विवाह मोडला. विलचे गुहांत जाणे थांबले, आणि मुलींचा सहवासही पूर्वीसारखा राहिला नाही. १९७५-७६ च्या सुमारास त्याने फोर्ट्रान भाषेत एक खेळ लिहिला. मुली भेटीस आल्या म्हणजे त्यांना खेळता यावा, आणि आपल्यालाही त्या काळोखात पुन्हा फिरून यावे, अशी दुहेरी प्रेरणा त्यामागे होती.

त्या खेळात चित्र नव्हते, ध्वनी नव्हता. संगणक दोन-चार वाक्यांत जागेचे वर्णन करी आणि खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करावयाची: उत्तरेस जा, दिवा घे, दार उघड. यंत्राची समज बेताचीच होती. शब्दाची पहिली पाच अक्षरे तेवढी ते वाचत असे. पण गुहेचे वर्णन प्रत्यक्ष पायाखाली घातलेल्या वाटांवरून केलेले होते. खेळ खेळून तो पाठ झालेल्या एका नवख्या व्यक्तीला पुढे त्या गुहेच्या बेडक्विल्ट भागात आपोआप वाट ओळखू आली, अशी आठवण तेथील गुहासंशोधक सांगतात. १९७७ साली स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स या तरुणाने क्राउदरच्या संमतीने त्यात खजिने, जादू आणि ३५० गुणांची मोजणी घातली. 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' या नावाने तो खेळ संगणकांच्या जाळ्यातून सर्वदूर पसरला. 'ॲडव्हेंचर' हे या प्रकाराचे नावही तेथूनच आले.

क्राउदरची मूळ संहिता मात्र हरवली, असेच अनेक वर्षे समजले जात होते. ती स्टॅनफर्डच्या एका जुन्या साठवणीत सापडली, आणि २००७ साली डेनिस जर्झ या अभ्यासकाने, स्वतः त्या गुहेत उतरून, संहितेतील वर्णने प्रत्यक्ष दगडांशी ताडून पाहिली. एखाद्या शिलालेखाचा शोध लागावा, त्याच योग्यतेची ही घटना होती. जुन्या खेळांचा रसिक असलेल्याने प्रारंभ येथूनच करावा. खेळ विनामूल्य मिळतो, आणि वही-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय त्यात निभाव लागत नाही. आतल्या एका भुलभुलैयात सर्व खोल्यांची वर्णने सारखीच आहेत. तेव्हा हातातील एकेक वस्तू एकेका खोलीत टाकून खुणा कराव्या लागतात. ही युक्ती सुचल्याचा आनंद ज्याने एकदा घेतला, त्याला आजच्या झगमगाटी खेळांचे वाटाड्ये काहीसे आगाऊ वाटू लागतात.

येथे भाषेचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो मराठी माणसाने अवश्य विचारात घ्यावा असा आहे. यंत्राला दिलेली इंग्रजी आज्ञा क्रियापदापासून सुरू होते. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि नामाचे रूपही बदलते. 'दिवा' घ्यावयाचा, पण तेल 'दिव्यात' घालावयाचे. 'किल्लीने दार उघड' काय किंवा 'दार किल्लीने उघड' काय, मराठीला दोन्ही सारखेच. कोणती वस्तू साधन आणि कोणती कर्म, हे विभक्ती सांगते, शब्दांचा क्रम नव्हे. याचा अर्थ असा की, मराठी समजणारा असा खेळ रचावयाचा तर त्याची अर्धी मेहनत व्याकरणाची असेल. पण ती एकदा केली, की खेळणाऱ्याला बोलण्याची मुभा इंग्रजीहून अधिक मिळेल. शिवाय यंत्राला 'तू' म्हणावयाचे की 'तुम्ही', हेही ठरवावे लागेल! इंग्लंडच्या ग्रॅहम नेल्सनने १९९३ साली तयार केलेली 'इन्फॉर्म' ही रचनाप्रणाली इंग्रजीखेरीज इतर काही युरोपीय भाषांनी या कामासाठी आपलीशी केली आहे.

एमआयटीतील विद्यार्थ्यांनी क्राउदर-वुड्स यांच्या खेळावरून स्फूर्ती घेऊन 'झॉर्क' लिहिला. त्याला पूर्ण वाक्ये समजत. त्यातूनच १९७९ साली इन्फोकॉम ही कंपनी निघाली. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने 'झॉर्क'च्या तिन्ही भागांची संहिता सर्वांसाठी मुक्त केली. तेव्हा हा ग्रंथही आता कोणालाही उघडून वाचता येतो.

चित्रे आली ती रॉबर्टा विल्यम्स या गृहिणीमुळे. 'कोलोसल केव्ह'ने तिला वेड लावले. १९८० साली तिने पती केन याच्या साहाय्याने 'मिस्टरी हाउस' रचला. त्यातली रेषाचित्रे पाटीवर मुलाने काढावीत तशी आहेत. पण संगणकावर चित्र दाखविणारा ॲडव्हेंचर गेम तोच पहिला. पुढे १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट'ने तिला कीर्ती मिळवून दिली. या दांपत्याच्या कंपनीच्या खेळांत पावलोपावली मरण असे. पाय घसरला, मेला. भलत्याच पायरीवर चढला, मेला. आणि पहिल्या प्रहरी एखादी वस्तू उचलावयाची राहिली, तर शेवटच्या प्रहरी सारेच फुकट. ऐतिहासिक जिज्ञासेपलीकडे हे खेळ आज कोणास सुचवावेत, असे वाटत नाही.

रॉन गिल्बर्ट या कल्पक माणसाने हा जाच ओळखला. १९८७ च्या 'मॅनिएक मॅन्शन'मध्ये त्याने टंकलेखन काढून टाकले आणि पडद्यावरच क्रियापदांची यादी दिली. ज्याला जे करावयाचे त्याने त्यावर बोट ठेवावे. १९९० च्या 'मंकी आयलंड'मध्ये तर खेळणारा जवळजवळ मरतच नाही आणि कायमचा अडकतही नाही. त्यातील चाचे तलवारीपेक्षा टोमण्यांनी लढतात: प्रतिस्पर्ध्याच्या कुत्सित बोलण्याला नेमके उत्तर ज्याच्यापाशी, तो द्वंद्व जिंकतो. आपल्या शाहिरांच्या सवाल-जवाबांची ज्याला गोडी आहे, त्याला या खेळाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. जुन्यांपैकी एकच खेळ निवडावयाचा झाला तर तो हाच. त्याच्या खालोखाल १९९८ चा 'ग्रिम फँडँगो'. मेक्सिकोतील लोक मृतांचा दिवस साजरा करतात. त्या लोकसमजुतीतून टिम शेफरने परलोकातील एका कारकुनाची कथा उभी केली. २०१५ साली निघालेल्या नव्या आवृत्तीमुळे तो आजच्या यंत्रांवरही चालतो. १९९३ च्या 'मिस्ट'चे बेट रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंनी घडविले. त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. तो सुंदर आहे, पण अबोल आहे. घाईच्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये.

मग पडता काळ आला. त्याचे कारण सांगताना जाणकार एका मांजराचा उल्लेख करतात. १९९९ च्या 'गेब्रियल नाइट'च्या तिसऱ्या भागात नायकाला दुसऱ्याच्या नावाने दुचाकी भाड्याने घ्यावयाची असते. त्यासाठी मांजराचे केस पाकाने चिकटवून खोटी मिशी करावी लागते. आणि गंमत अशी की, ज्याचे सोंग घ्यावयाचे त्या गृहस्थाला मिशीच नसते! कूट कठीण असले तरी चालते, पण उत्तर कळल्यावर 'अरेच्चा, हे तर समोरच होते' असे वाटले पाहिजे. वेताळाच्या प्रश्नांत ते भान आहे. शतकाअखेरच्या अनेक खेळांत ते उरले नव्हते. खेळणारे धावपळीच्या खेळांकडे वळले. पुढे २०१२ साली टिम शेफरने थेट रसिकांपुढेच झोळी पसरली. तेहतीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम तीत पडली, आणि हा प्रकार मेलेला नाही, एवढे तरी सिद्ध झाले.

या साऱ्या काळात बंगळूर काय करीत होते? पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली तेथे गेली. १९८५ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने आपले केंद्र तेथे उघडले. महाराष्ट्रातील अभियंत्यांची रीघ त्या शहराकडे लागली ती तेव्हापासून. १९९७ साली राजेश राव यांनी बंगळुरात 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' काढली. संगणकावरील खेळ घडविणाऱ्या भारतीय कंपन्यांत आद्यत्वाचा मान तिला दिला जातो. तिच्या भरभराटीचा मार्ग मात्र परक्या खेळांसाठी चित्रकाम करण्याचा ठरला. मोटारींच्या शर्यतीच्या 'फोर्झा' मालिकेतील गाड्यांच्या कामाला तिच्या कलावंतांचे हात लागलेले आहेत. कारागीर तीनशेहून अधिक झाले, कसब जागतिक तोडीचे झाले. पण कथा कोणाची, हे दूरच्या शहरांत ठरत होते. २०१७ साली ही कंपनी स्वीडनच्या स्टारब्रीझने घेतली आणि २०१९ साली अमेरिकेच्या रॉकस्टारने. रॉकस्टारची बंगळूर शाखा आधीच होती. तीत ती विलीन झाली. ध्रुव मावळत नाही, असे आपण मुलांना सांगतो. या ध्रुवाचे नाव तेवढे मावळले. २०१८ चा 'रेड डेड रिडेम्प्शन'चा दुसरा भाग जगाने डोक्यावर घेतला. त्याच्या घडणीत बंगळूरच्या शाखेचाही वाटा आहे. पण त्यातली माती, घोडे आणि माणसे अमेरिकेची आहेत.

यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. देवगिरीचा शिल्पी दुसऱ्या राजाच्या देवळावर राबला तरी त्याची छिन्नी त्याचीच राहते, आणि अशाच कामातून कारागिरांच्या पिढ्या तयार होतात. परंतु ॲडव्हेंचर गेम हा प्रकार नुसत्या छिन्नीवर उभा राहत नाही. क्राउदरने जी गुहा पायांनी मोजली, तीच त्याने लिहिली. शेफरची परलोकयात्रा मेक्सिकोच्या लोकजीवनातून निघाली. मोटार कोठेही बसून रेखाटता येते. पण कोणत्या दारामागे काय असेल, हे त्या घरात वावरलेल्यालाच ठाऊक असते. पुणे आणि मुंबई येथील युबिसॉफ्टच्या शाखांचा अनुभव याहून वेगळा नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेतील २००३ चा खेळ एका हिंदुस्थानी महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने सुरू होतो. त्याची नवी आवृत्ती या दोन शाखांकडे सोपविल्याचे २०२० साली जाहीर झाले, आणि २०२२ साली ते काम कॅनडातील माँट्रियलला गेले.

म्हणूनच २०२० साली पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या छोट्या संस्थेने 'राजी' हा खेळ बाहेर काढला, त्याचे मोल केवळ विक्रीवरून ठरवू नये. रसिकांकडून वर्गणी जमविण्याचा तिचा प्रयत्न २०१७ साली फसला होता. तरीही अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी काम सोडले नाही. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. वाटेवर राजस्थानी धाटणीचे वाडे आणि गड लागतात, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने उलगडतात. खरे बोलावयाचे तर 'राजी'त लढाई फार आहे, कूटे सोपी आहेत, आणि शेवट हातातून धागा निसटावा तसा येतो. तरीही भिंतीवरचे चित्र पाहण्यासाठी खेळणारा क्षणभर थांबतो, हे तिचे यश आहे. २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तीत हिंदी संवाद आहेत; मराठी घरातील मुलांना तीच द्यावी.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, वापीजवळच्या छला गावी, ध्रुव जानी यांची 'स्टुडिओ ओलिओमिंगस' ही संस्था याहून विलक्षण काम करते. त्यांच्या २०१८ च्या 'अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स'मध्ये जिंकण्यासारखे काहीच नाही. एका काल्पनिक गुजराती लेखकाच्या कथा म्हणून सांगितलेल्या गोष्टी वाचीत, अवाढव्य वस्तूंनी भरलेल्या दालनांतून हिंडावयाचे. तास-दीड तासाचा ऐवज, तोही विनामूल्य. सर्वांना तो रुचेल असे नाही. पण ज्याला जी. ए. कुलकर्णींच्या कथांतील वाटा चालायला आवडतात, त्याने तो चुकवू नये.

परदेशी नव्या खेळांतले दोन आपल्याकडच्या रसिकांना विशेष जवळचे वाटतील. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या भेटीस आणले. त्याच व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेवरून इंग्लंडच्या इंकल संस्थेने २०१४ साली '८० डेज' रचला. त्याचे बहुतेक लेखन मेघना जयंत यांचे आहे. मूळ कादंबरीत फॉगचा नोकर मुंबईच्या मलबार टेकडीवरील देवळात जोडे घालून शिरतो आणि खटल्यात सापडतो. युरोपीयाच्या नजरेतला तो हिंदुस्थान होता. जयंत यांच्या लेखनात वाटेवरच्या देशांतील माणसे नुसती देखाव्याची राहत नाहीत. त्यांना स्वतःची मते आहेत, आणि प्रवाशाला ती ऐकून घ्यावी लागतात. या खेळात चित्रांपेक्षा शब्द अधिक आहेत, आणि खेळ तर दर वेळी निराळ्या वाटेने संपतो.

दुसरा खेळ लुकस पोप याचा २०१८ सालचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज बेपत्ता होते आणि १८०७ साली निर्मनुष्य परत येते. कंपनीच्या निरीक्षकाने जहाजावरील साठ जणांची नावे आणि प्रत्येकाचे काय झाले, हे नोंदवहीत भरावयाचे असते. खलाशांत हिंदुस्थानातलेही आहेत. माणूस कोणत्या भाषेत बोलतो, कोणाजवळ झोपतो, पायात काय घालतो, यांवरून ओळख पटवावयाची. कोणी काही समजावून सांगत नाही, आणि उत्तर कळले की स्वतःच्याच नजरेची लाज वाटते. गेल्या काही वर्षांतील खेळांत याच्या तोडीचे कूट विरळा. मॅमथ केव्हच्या मुलखात घडणारा, पाच अंकांचा 'केंटकी रूट झीरो' २०१३ ते २०२० या काळात पूर्ण झाला. क्राउदरचे ऋण त्यात उघडपणे मान्य केलेले आहे. आणि २०२३ साली तर रॉबर्टा विल्यम्सने स्वतः 'कोलोसल केव्ह' नव्या रूपात, सर्व बाजूंनी दिसणाऱ्या चित्रांसह, पुन्हा बांधून काढला.

बंगळूरलाही गुहा आहे. गविपुरम भागात खडकात कोरलेले गवी गंगाधरेश्वराचे देऊळ आहे. मकरसंक्रांतीच्या सायंकाळी मावळतीचे ऊन बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून आत शिरते आणि थोडा वेळ पिंडीवर पडते. शहराच्या चार दिशांना केंपेगौडाच्या नावाने ओळखले जाणारे चार बुरूज आहेत. त्यांतला एक लालबागेच्या खडकावर. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या स्वारीनंतर हे ठाणे शहाजीराजांकडे आले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी दिलेल्या गावाचा शिलालेख १६६९ सालचा आहे. चार बुरूज, एक दानलेख, एक गुहा आणि वर्षातून एकदा येणारा उन्हाचा कवडसा, एवढी सामग्री तेथे आयती पडून आहे. ती मांडावयास मोठे भांडवलही लागत नाही. क्रिस क्लिमासने २००९ साली काढलेले 'ट्वाइन' हे साधन विनामूल्य आहे, देवनागरी अक्षरे त्यात चालतात, आणि चौदा वर्षांचा मुलगा ते एका दुपारी शिकू शकतो.